अणुइंजिनाने मंगळ गाठू, पण वापरलेली भट्टी ठेवायची कुठे?

रात्रपहारा

३ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेने स्नॅप-१०ए नावाची एक छोटी अणुभट्टी अंतराळात पाठवली. ती ४३ दिवस चालली, पाचशे वॉटच्या आसपास वीज दिली, आणि मग यानातल्या व्होल्टेज रेग्युलेटरने दगा दिल्यामुळे बंद पडली. बिघाड भट्टीत नव्हताच. ती भट्टी अजून वर आहे. सुमारे १३०० किलोमीटर उंचीवरून साठ वर्षं पृथ्वीभोवती फिरते आहे. सोव्हिएत संघाने तर तीसहून जास्त भट्ट्या वर पाठवल्या होत्या.

अणुइंजिनाच्या गप्पा निघाल्या की मला आधी ही भट्टी आठवते, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे कसलाही स्फोट नसतो. भट्टीच्या गाभ्यात युरेनियमचं इंधन, त्यातून आरपार गेलेल्या बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांतून सोडलेला हायड्रोजन. हायड्रोजन आत शिरतो तेव्हा उणे अडीचशे अंशांचा द्रव असतो, बाहेर पडतो तेव्हा २५०० केल्विनच्या पुढे तापलेला वायू. नोझलमधून तो सेकंदाला ८ ते ९ किलोमीटर वेगाने सुटतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणारं उत्तमातलं उत्तम रासायनिक इंजिन ४.५ च्या आसपास अडकतं. यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रासायनिक इंजिनातली ज्वाला अणुइंजिनापेक्षा जास्त तापते. तरी ते मागे पडतं, कारण त्याच्या धुरात मुख्यतः पाण्याची वाफ असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, हायड्रोजनचं २. रेणू हलका, म्हणून तो जोरात पळतो. सगळा फायदा इथे आहे.

आता धोका. लोक पहिला प्रश्न विचारतात, उड्डाणातच रॉकेट फुटलं तर? मला वाटतं आपण नको तिथे घाबरतो आणि घाबरायला हवं तिथे गाफील राहतो. न वापरलेलं युरेनियम फार मंद किरणोत्सारी असतं. युरेनियम-२३५ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ७० कोटी वर्षं. भट्टी सुरू न करता वर नेली आणि समुद्रात पडली, तर मुख्य काळजी एकच, पाणी आत शिरून साखळी प्रक्रिया आपोआप सुरू होता कामा नये. त्यावर रचनेतच उपाय करता येतो आणि करतातही.

खरा धोका भट्टी पेटल्यावर जन्माला येतो. विखंडनातून सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन तयार होतात, आणि मग ती भट्टी बंद केली तरी निष्पाप राहत नाही. म्हणून माझा प्रश्न असा: मोहिमेचं काम संपल्यावर ती वापरलेली भट्टी नक्की कुठे जाणार, हे उड्डाणाआधी ठरलेलं का नसावं? वेग, दिवस, टनेज यांवर ढिगाने लिहिलं जातं. या एका गोष्टीवर फार थोडं.

---

शिसपेटी

पूर्ण सहमत, आणि का ते सांगतो. मी बारा वर्षं इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत काढली. पाइपच्या वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासायचे, सोर्स म्हणजे किरणोत्सारी इरिडियम-१९२. सोर्स ज्या पेटीत राहतो तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. आता गंमत बघा, त्या कॅमेऱ्याच्या आतलं संरक्षक कवच बहुतेकदा डिप्लीटेड युरेनियमचंच असतं. म्हणजे युरेनियम हीच आमची ढाल! नुसतं ‘युरेनियम’ ऐकून दचकणाऱ्यांना मी हेच सांगतो.

एका रात्री सोर्स परत आत आलाच नाही. हँडल पूर्ण फिरवलं, आकडा बरोबर दिसत होता, पण कॅमेऱ्याकडे जाताना हातातलं किरणोत्सर्ग मोजणारं सर्व्हे मीटर खाली यायचं नाव घेईना. मी जागेवर थांबलो आणि मागे सरकत गेलो. दोरी आणखी लांब बांधली, सेफ्टी ऑफिसरला बोलावलं. शिशाच्या विटा आणि लांब चिमटे आणून तो सोर्स आत ढकलेपर्यंत अडीच तास गेले. त्या अडीच तासांत एक गोष्ट हाडात मुरली. याला बटण नसतं. तो बंद होत नाही. तुम्ही फक्त त्याच्या आणि आपल्या मध्ये काहीतरी ठेवू शकता, किंवा लांब जाऊ शकता.

अणुइंजिन पेटवायच्या आधी जवळ उभं राहून हात लावता येईल असं असतं. अर्धा तास चालवलं की ते माझ्या अडकलेल्या सोर्ससारखं होतं, फक्त अफाट मोठं.

---

पाऊलवाट

वाचतेय. बाळबोध प्रश्न आहे, पण विचारते. मग अंतराळवीर त्याच्याच शेजारी बसून कसे जाणार?

---

शिसपेटी

पाऊलवाट ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. उत्तर अंतर आणि सावली. जमिनीवरच्या भट्टीला चहूबाजूंनी काँक्रीट घालतात. अंतराळात एवढं वजन परवडत नाही, म्हणून ढाल फक्त एका बाजूला, माणसं असतात तिकडे. भट्टी एका टोकाला, माणसं दुसऱ्या टोकाला, मध्ये लांब सांगाडा आणि हायड्रोजनच्या टाक्या. हायड्रोजन न्यूट्रॉन अडवायला चांगला, त्यामुळे टाकीही ढालीचं काम करते. ढालीमागे सुळक्याच्या आकाराची सावली पडते, आणि सगळं यान त्या सावलीत मावायला लागतं. दुसरं यान जोडायला आलं तर त्यानेही त्याच सावलीतून यायचं. बाजूने आलं की मार बसला.

आणि प्रवास संपता संपता, टाकी रिकामी होत आली की ती ढालही पातळ होत जाते. हे विसरू नका.

---

आकडेमोड

थोडं गणित मांडतो, म्हणजे हवेतल्या गप्पा होणार नाहीत.

पृथ्वीच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला वेगात साधारण ४ किमी/सेकंद भर घालावी लागते. निघताना यानाचं वजन १०० टन धरा. इंजिनाचा झोत ४.४ किमी/सेकंदाचा असेल तर सुमारे ६० टन इंधन जळतं, ४० टन उरतं. झोत ८.८ चा असेल तर साडेछत्तीस टन इंधन लागतं, साडेत्रेसष्ट टन उरतं. इतका फरक आहे आणि तो खरा आहे.

पण टाकी मोजा. साडेछत्तीस टन द्रव हायड्रोजनला सुमारे ५१५ घनमीटर जागा लागते, कारण एका घनमीटरमध्ये जेमतेम ७१ किलो मावतो. रासायनिक यानाचं ६० टन इंधन, म्हणजे एकास सहा या प्रमाणातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन, १६५ घनमीटरमध्ये बसतं. इंधन वजनाने हलकं, पण टाकी तिप्पट मोठी. भट्टी आणि ढालीचं वजन वेगळंच. जाहिरातीत दिसणारं ‘दुप्पट कार्यक्षम’ यातून बरंच झिजतं.

---

उणे २५३

टाकीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. माझं काम द्रव हायड्रोजनचंच.

ज्यांनी तो हाताळलेला नाही त्यांना कल्पना येणं अवघड आहे. लाइन आधी हळूहळू गार करून घ्यावी लागते, नाहीतर आत गेलेला द्रव उकळून नळी ठोकायला लागते. आणि इन्सुलेशनचा एखादा तुकडा निघाला असेल तर त्या उघड्या नळीवर काय दिसतं माहीत आहे? आजूबाजूची हवाच द्रव होऊन थेंब थेंब खाली टपकते. निळसर झाक असते, कारण त्यात ऑक्सिजन जास्त असतो. तो थेंब तेलकट चिंधीवर पडला तर पुढचं सांगायला नको. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काही क्षण नुसता बघत राहिलो होतो.

असा पदार्थ महिनोन्महिने सांभाळायचा, एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भट्टी. रॉकेटच्या वरच्या टप्प्यांना तो काही तास टिकवायचा असतो. मंगळावर जाऊन थांबून परत यायचं तर दोन-अडीच वर्षांचा हिशोब आहे. परतीचा हायड्रोजन वाटेतच उडून गेला तर अणुइंजिन हे वजनदार लोढणं ठरेल. माझ्या मते युरेनियमपेक्षा हायड्रोजन टिकवणं हे आजचं जास्त न सुटलेलं काम आहे. त्यासाठीची शीतयंत्रं, त्यांना लागणारी वीज, त्यांची वर्षानुवर्षं न थकता चालायची ताकद, यांवर आधी पैसा लावा असं मी कुणालाही सांगेन.

आणि भट्टी बंद केली म्हणजे हायड्रोजनचं काम संपलं असंही नाही. बंद केल्या क्षणी तिच्यात सुमारे ५ टक्के उष्णता निघतच असते. ५०० मेगावॉटच्या इंजिनात म्हणजे २५ मेगावॉट. ती झपाट्याने उतरते, पण तोवर हायड्रोजन सोडत राहावं लागतं, नाहीतर गाभा वितळेल.

---

पाऊलवाट

उणे २५३, तो निळसर थेंब डोळ्यांसमोर उभा राहिला.

मग ते ‘४५ दिवसांत मंगळ’ म्हणतात ते? आणि लवकर पोचलं तर किरणोत्सर्ग कमी लागतो ना?

---

आकडेमोड

४५ दिवस या वर वर्णन केलेल्या इंजिनाने होत नाही. वेळ निम्मा करायला वेग कैकपट वाढवावा लागतो, आणि तिकडे पोचल्यावर तेवढाच मारावाही लागतो. साध्या वाटेने जायला साडेआठ-नऊ महिने लागतात. अणुइंजिनाने त्यातून काही महिने वाचू शकतात.

किरणोत्सर्गाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. क्युरिऑसिटी गाडी २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने वाटेत दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) मोजले. पृथ्वीवर आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. नासाची अंतराळवीराच्या सगळ्या कारकिर्दीची मर्यादा ६०० आहे. म्हणजे नुसतं जाण्या-येण्यातच ती ओलांडली जाऊ शकते. मंगळाच्या जमिनीवर त्याच उपकरणाने दिवसाला ०.७ च्या जवळपास मोजले.

आता लवकर पोचलात तर करणार काय? परतीच्या वाटेसाठी ग्रह योग्य जागी यावे लागतात. वाटेत वाचवलेले दिवस बहुधा मंगळावरच काढावे लागतील. मग वाचलेल्या प्रत्येक दिवसामागे १.८ नव्हे, १.१ वाचतात. जाता-येता मिळून १२० दिवस वाचले तर १३० मिलिसिव्हर्ट. मोलाचे आहेतच, पण ‘किरणोत्सर्गावर उपाय सापडला’ म्हणण्याइतके नाहीत. मला स्वतःला वेगापेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटते: निघायच्या तारखा मागेपुढे करायला मोकळीक मिळते, आणि वाटेत काही बिघडलं तर मागे वळायला हातात थोडं जास्त असतं. माणसं नेणार असाल तर हे सगळ्यात मोठं.

भट्टीवर वीज करून आयन इंजिन, म्हणजे विजेच्या जोरावर भारित कण मागे फेकणारं इंजिन, चालवणं हा दुसरा मार्ग. तिथे इंधनाची बचत प्रचंड, पण जोर फुंकरीएवढा. आणि उष्णता टाकायची कुठे? निर्वातात वाऱ्याची झुळूक नाही, पाणी नाही. फक्त प्रारणाने, म्हणजे पंखांसारखे रेडिएटर पसरून. पंख ८०० केल्विनवर ठेवले तर एका चौरस मीटरमधून साधारण २० किलोवॉट बाहेर पडतात. ५०० केल्विनवर तीनच. दहा मेगावॉट टाकायचे असतील तर पंखांचा विस्तार मोजून बघा.

---

उत्तरायण

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

इथे प्रत्येक जण अडचणी सांगतोय आणि प्रत्येकाची अडचण खरी आहे. पण इतिहास बघा. अमेरिकेच्या रोव्हर आणि नेर्व्हा या अणुइंजिनाच्या प्रकल्पांत १९५५ पासून माणसं खपली. १९६७ च्या डिसेंबरात त्यांची एक भट्टी अकराशे मेगावॉटवर सलग तासभर चालली. १९६८ मध्ये फीबस-२ए ने चार हजार मेगावॉट ओलांडले. १९७३ मध्ये सगळं गुंडाळलं. गुरूच्या चंद्रांकडे भट्टीवर जाणाऱ्या यानाची आखणी झाली, २००५ मध्ये तीही गेली. २०२३ मध्ये नासा आणि डार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेने ड्रेको हे अणुइंजिन जाहीर केलं, २०२७ ला कक्षेत चाचणी करायची होती. २०२५ मध्ये तेही रद्द. सोव्हिएतांनी सेमिपालातिन्स्कला आरडी-०४१० हे अणुइंजिन तपासलं, तेही उडालं नाही.

दर वेळी माणसं पांगतात. कागद उरतात, हातातलं कसब जातं. तीस वर्षांनी पुन्हा नवी पोरं त्याच चुका करायला बसतात. याची मला मनापासून खंत वाटते.

आणि आपण मंगळावर का अडकून बसलोय? गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा, शनीपाशी नव्वदाव्या, नेपच्यूनपाशी नऊशेव्या. तिकडे सौर पंख घेऊन काय करणार? व्हॉयेजर १९७७ पासून प्लुटोनियम-२३८ च्या उबेवर चाललंय, पण त्यात काही शे वॉटच मिळतात. नेपच्यूनभोवती कक्षेत थांबून वर्षानुवर्षं अभ्यास करायचा, भरपूर माहिती पाठवायची, तर भट्टीशिवाय गत्यंतर नाही. आणि तिथे रात्रपहारांचा प्रश्नही सुटतो. ती भट्टी परत येणारच नाही.

---

रात्रपहारा

उत्तरायण, रागावण्याचा प्रश्नच नाही. बाहेरच्या ग्रहांबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. तिथे मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

पण कसब गेलं म्हणता तर त्या कसबाची किंमतही बघू. नेवाडाच्या वाळवंटात, जॅकअस फ्लॅट्सला, भट्टी उलटी ठेवायचे, नोझल आकाशाकडे. ३० नोव्हेंबर १९६२ ला किवी-बी४ए चालवली. शक्ती वाढवत नेली तशा झोतात लखलख ठिणग्या दिसू लागल्या, आधी तुरळक, मग भराभर. त्या ठिणग्या म्हणजे इंधनाचे तुकडे होते. गाभा फुटून आकाशात उडत होता. लगेच बंद केली. मग कारण शोधताना त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. युरेनियम नसलेला तसाच गाभा बनवला आणि त्यातून नुसता गार वायू सोडला. तोही थरथरला. म्हणजे दोष अणूचा नव्हता, वाहत्या वायूमुळे इंधनकांड्या थरथरत होत्या. रचना बदलली, १९६४ मध्ये ती नीट चालली.

१९६५ च्या जूनमध्ये फीबस-१ए साडेदहा मिनिटं उत्तम चालली. टाकीतला हायड्रोजन किती उरलाय हे दाखवणारा मापक चुकला, टाकी रिकामी झाली, गाभा जळाला. युरेनियम बिचारं ठरल्याप्रमाणे वागत होतं. दगा दिला तो मापकाने, स्नॅप-१०ए मध्ये दिला तो रेग्युलेटरने. भट्टी कितीही चोख बनवली तरी ती साध्यासुध्या सुट्या भागांवर टांगलेली असते.

तेव्हा झोत मोकळ्या हवेत सोडत. आज कुणी सोडू देणार नाही, आणि देऊही नये. १९७२ मध्ये त्यांनीच झोत गाळून घेण्याची सोय करून एक छोटी भट्टी चालवली होती, म्हणजे मार्ग आहे. मोठ्या इंजिनासाठी तो खर्चिक आहे, इतकंच.

---

कायद्याची वही

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

कॉसमॉस-९५४ हा सोव्हिएत टेहळणी उपग्रह. रडारला वीज भरपूर लागते आणि कक्षा खालची लागते, म्हणून भट्टी. काम संपलं की भट्टी वेगळी होऊन वरच्या कक्षेत जायची अशी योजना होती. या वेळी ती गेली नाही. २४ जानेवारी १९७८ ला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. थेलॉन नदीकाठी हिवाळा काढायला काही तरुण एका लाकडी घरात राहत होते. त्यांच्यातल्या दोघांना गोठलेल्या नदीवर एक खळगा आणि त्यातून वर आलेल्या धातूच्या नळ्या दिसल्या. ते काय आहे हे त्यांना परत आल्यावर कळलं. सव्वा लाख चौरस किलोमीटर भाग महिनोन्महिने धुंडाळला गेला. कॅनडाने साठ लाख डॉलरचा दावा लावला, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

यातून १९९२ ची संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं आली. त्यांत रात्रपहारांच्या प्रश्नाला हात घातला आहे: ठरलेल्या कक्षेत किंवा आंतरग्रहीय वाटेवर पोचेपर्यंत भट्टी पेटवायची नाही, आणि खालच्या कक्षेत वापरली तर नंतर पुरेशा उंच कक्षेत नेऊन ठेवायची. पण ही तत्त्वं आहेत, बंधनकारक करार नाही. दुसरी अडचण अशी की त्यांत इंधन म्हणून फक्त उच्च समृद्ध युरेनियम, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५ चं प्रमाण खूप वाढवलं आहे असं, सांगितलं आहे. आजचा कल नेमका उलटा, २० टक्क्यांच्या आतल्या समृद्धीकडे, कारण उच्च समृद्ध म्हणजे बॉम्बचा माल. लिहिलेलं एकीकडे आणि जग दुसरीकडे. हे नव्याने लिहायला बसायला हवं, आणि ते खासगी कंपन्यांची इंजिनं उडायच्या आधी.

---

शिसपेटी

वही ताई, त्या दोघांबद्दल वाचून पोटात कालवलं. त्यांच्याकडे मीटर नव्हतं.

---

पाऊलवाट

‘पुरेशा उंच’ म्हणजे किती?

---

रात्रपहारा

उंचीपेक्षा काळाने मोजतात. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे त्रासदायक. दोघांचा अर्धायुकाल तीसेक वर्षं. तीनशे वर्षांत दहा वेळा निम्मे झाले की हजारावा भाग उरतो. म्हणून कक्षा अशी निवडायची की तीनशे वर्षं तरी खाली येऊ नये. ड्रेकोसाठी ७०० किलोमीटरच्या वरची कक्षा ठरली होती ती यामुळेच.

पण माझं मन तिथे थांबत नाही. ७०० ते १००० किलोमीटरचा पट्टा आज सगळ्यात जास्त भंगाराने भरलेला आहे. सोव्हिएत भट्ट्या तिथेच नेऊन ठेवल्या आणि त्यांतल्या काहींतून सोडियम-पोटॅशियमचे थेंब सांडले. ते थेंब रडारला आजही दिसतात. मंगळावर जाऊन येणाऱ्या इंजिनाला मी परतीच्या टप्प्यात पृथ्वीच्या कक्षेत येऊच देणार नाही. माणसं छोट्या कुपीतून उतरतील, इंजिन सूर्याभोवतीच्या अशा कक्षेत जाईल जी पृथ्वीची वाट छेदत नाही. त्याला लागणारा शेवटचा हायड्रोजन पहिल्या दिवसापासून राखीव ठेवायचा, दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायचा नाही.

---

उणे २५३

किती लागेल तो राखीव, आणि अडीच वर्षांनी तो टाकीत असेल का? उद्या सुट्टी आहे, हिशोब करून टाकतो. आकडेमोड, वेगातला बदल तुम्ही काढून द्या.

---

आकडेमोड

देतो. टाकी किती गळते तो दर तुम्ही धरा, आणि कमीत कमी नको, वाईटात वाईट धरा.

---

रात्रपहारा

दोघांचे आभार. आणि पाऊलवाट, स्नॅप-१०ए बद्दल एक राहिलं. १९७९ पासून तिच्या यानाचे तुकडे सुटू लागले, पन्नासेक नोंदले गेलेत. ती तिथे हजारो वर्षं राहील असा अंदाज आहे. राहीलही. पण अख्खी राहील असं कुणी म्हटलेलं नाही.